व्हॉल्व्हच्या अलीकडे, व्हॉल्व्हच्या पलीकडे

शॉवरचा पंप नळ बंद केल्यावरही चालूच राहिला, तर जाणकार माणूस आधी पंप उघडत नाही. तो पंपापुढच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि थांबतो. पंप लगेच थांबला तर त्याचा दोष नाही. घरात कुठेतरी पाणी वाहतंय आणि ते भरून काढायला तो धावतोय. व्हॉल्व्ह बंद करूनही थांबला नाही, तर दोष अलीकडचा. प्रेशर स्विचचे पॉइंट चिकटले असतील, पंपाने हवा धरली असेल, नाहीतर ज्या दाबाला स्विच तुटायला हवा तो दाबच कुणीतरी पंपाच्या ताकदीबाहेर लावून ठेवला असेल. एवढ्या एका गोष्टीने निम्मी शोधाशोध वाचते. दोष कुणाचा हे बोलण्याआधी तो कुठल्या बाजूला आहे ते पाहायचं, अशी ही साधी शिस्त.

यंत्राच्या बाबतीत ही शिस्त मला पटते. स्वतःच्या बाबतीत मी ती क्वचितच पाळतो. तिथे मी व्हॉल्व्हला हात न लावता आधी पलीकडे बोट दाखवतो. आमचा पंप बिघडला आणि दुरुस्तही झाला, त्याला आता बराच काळ लोटला. त्या निमित्ताने स्वतःबद्दल जे कळलं ते मात्र नीट तपासून पाहायचं राहून गेलं होतं. ते आज करतो.

सुरुवात पंप घेतला तिथपासून करावी लागेल. आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर राहतो. वारा भरपूर, उजेड भरपूर, पाण्याला मात्र जोर नाही. दहा मीटर उंचीवरून उतरणारं पाणी साधारण एक किलो दाब देतं. गच्चीवरच्या टाकीचा तळ आमच्या शॉवरपासून जेमतेम अडीच मीटर वर, म्हणजे आमच्या वाट्याला पाव किलो. तळमजल्याला तेच पाणी सवा किलोच्या वर दाबाने फुकट मिळतं. तेव्हा गच्चीवर अर्ध्या एचपीचा बूस्टर पंप बसवला. कुणी विचारलं तर मी सांगतो, आईसाठी बसवला. तिचा खांदा आखडलाय, तांब्या डोक्यावर नेता येत नाही, हातातला शॉवर तिला बरा पडतो.

यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, फक्त क्रम खोटा आहे. पंप आधी आला, खांदा नंतर आखडला. पंप घेण्यामागे कोकणातल्या एका हॉटेलातली आंघोळ होती. डोक्यावर सणसणीत धार, दहा मिनिटं कुणाची हाक नाही, आणि ‘असं आपल्या घरी का नसावं’ हा विचार. ही इच्छा काही पाप नव्हे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला चांगल्या आंघोळीचा हक्क आहे. मग ती इच्छा आपल्या नावावर ठेवायला मला लाज का वाटते? आईचं नाव पुढे केलं की चैनीला कर्तव्याचा रंग येतो आणि पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही, मी स्वतःही नाही.

दुसरा एक युक्तिवाद माझ्याजवळ तयार असतो. महापालिकेच्या नळालाच मोटर लावणं बेकायदा आहे, कारण त्यात शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढलं जातं. आमचा पंप तसा नाही. तो टाकीत आलेल्या पाण्यावर चालतो. हेही बरोबर आहे. पण टाकी सगळ्यांची आहे. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते आणि त्याचा खर्च सगळ्या फ्लॅटांवर सारखा पडतो. तळमजल्यावरचे लोक पाइप लावून गाड्या धुतात, हा विषय सोसायटीच्या सभेत मीच काढला होता, आणि जरा आवाज चढवूनच. त्या वेळी माझ्या घरातून काय वाहत होतं, त्याचा हिशेब पुढे येईल.

पंप एकाएकी बिघडला नाही. त्याआधी कित्येक महिने रात्री सगळे नळ बंद असताना तो मधूनच सुरू व्हायचा, चार-पाच सेकंद गुरगुरायचा आणि थांबायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. नळ बंद असताना दाब उतरतो, याचा अर्थ पाणी कुठेतरी जातंय. दुसरा अर्थ नाही. तरी मी स्वतःची समजूत घातली की पंप असेच असतात, दाब जरा वरखाली होतच असतो. मग ठरवलं, रविवारी बघू. रविवार येत राहिले. हळूहळू त्या आवाजाची इतकी सवय झाली की तो आला नसता तरच जाग आली असती.

मग एका रात्री पंप सुरू झाला आणि थांबेचना. गच्चीवर जाऊन पाहिलं. दाबाच्या काट्याने तीनचा आकडा ओलांडला होता आणि पंपाला हात लावला तर चटका बसत होता. पुढे जायला वाट नसली की पंप आतलं तेच पाणी घुसळत राहतो, पाणी तापतं आणि आतलं सील जळतं. मी खाली येऊन एमसीबी पाडला. करायला हवं होतं तेच केलं. सकाळी घरात सांगितलंही, ‘सील वाचवलं.’ पण खरं विचाराल तर एमसीबीवर हात गेला तेव्हा डोक्यात सील नव्हतं, झोप होती. योग्य गोष्ट सोयीपायी झाली आणि तिचं श्रेय मी शहाणपणाला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि मला एमसीबी वर करायला लावला. पंप सुरू झाला, काटा चढत गेला, पण पंप थांबला नाही. त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ प्रेशर स्विचच्या डबीवर हलकेच आपटली. टक्क झालं आणि पंप थांबला. ‘काका, पंप बिचारा बरोबर आहे. पॉइंट चिकटलेत.’ मग वीज बंद करून त्याने डबीचं झाकण काढलं. आतले दोन पॉइंट चंदेरी असायला हवे होते. ते जळून काळे झाले होते आणि एकाला बारीक खड्डा पडला होता. मोटर सुरू होताना ती चालतानापेक्षा कितीतरी पट वीज ओढते आणि दर वेळी पॉइंटवर ठिणगी उडते. दिवसात मोजक्या वेळा उडाली तर काही बिघडत नाही. पण दर तीन मिनिटांनी एकदा म्हटलं तरी चोवीस तासांत ४८० वेळा होतं. इतक्या ठिणग्यांनी धातू वितळतो आणि एक दिवस दोन्ही पॉइंट एकमेकांना सोडतच नाहीत.

पंपाशेजारी दाबाची छोटी टाकी होती, तीही त्याने पाहिली. तिच्या पोटात रबराची पिशवी आणि एका बाजूला हवा असते. बारीकसारीक गळतीला पंप लगेच धावू नये म्हणून ती हवा दाब धरून ठेवते. हवा भरायला मोटारीच्या टायरला असतो तसा व्हॉल्व्ह असतो. त्याने त्यात नख घातलं. फुसकनही आवाज आला नाही. हवा केव्हाच उतरली होती. पिशवी शाबूत होती, कारण फाटली असती तर तिथून पाणी आलं असतं. त्याने पंप रिकामा करून टाकीत हवा भरली, ज्या दाबाला पंप सुरू होतो त्याहून थोडी कमी. स्विच नवा बसवला. मी पाकीट काढायला लागलो.

तो म्हणाला, ‘थांबा काका, अजून झालं नाही.’ घरातले सगळे नळ बंद करून आम्ही खाली हॉलमध्ये उभे राहिलो. बऱ्याच वेळाने वरून पंपाचा आवाज आला, आणि लगेच थांबला. ‘हे बघा. घरात गळतंय कुठंतरी. त्यानंच पॉइंट खाल्ले. कधीपासून होतंय असं?’

‘लक्षात नाही आलं,’ मी म्हणालो.

आई खुर्चीत बसून मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘कवाचा वाजतोय की त्यो रातचा. तुला म्हनले होते मी.’

प्लंबर काही बोलला नाही. तो बाथरूमकडे वळला. मी मात्र त्या तीन शब्दांपाशी अजून उभा आहे. खोटं अगदी चिमुकलं होतं, कुणाचं त्यात काही गेलं नाही. प्लंबर मला दंड करणार नव्हता. मग बोललो कशासाठी? स्वतःकडे मी ज्या नजरेने पाहतो, ती नजर वाचवण्यासाठी. मी व्यवस्थित माणूस आहे, माझ्या घरात गोष्टी वेळच्या वेळी होतात, अशी माझी माझ्याबद्दल समजूत आहे. ‘माहीत होतं, पण टाळलं’ असं म्हटलं की तिला तडा जातो. ‘लक्षात नाही आलं’ म्हटलं की हलगर्जीपणाचा भोळेपणा होतो आणि समजूत शाबूत राहते.

खरा प्रकार असा की नुकसान होत होतं तोवर मी निवांत झोपत होतो. त्रास सुरू झाला तेव्हा उठलो. गळणारं पाणी सगळ्यांचं होतं, आवाज माझ्या डोक्यावर होता. पाण्यासाठी मी एकदाही गच्चीची पायरी चढलो नाही. आवाजासाठी मध्यरात्री चढलो.

हे एकदा दिसल्यावर दुसरीकडेही दिसायला लागलं, आणि तिथे ते पाहणं जास्त जड गेलं. आईचा खांदाही काही एका रात्रीत आखडला नव्हता. रात्री त्या कुशीवर निजवत नाही, असं ती बरेच दिवस सांगत होती. बाम लाव, शेक घे, या वयात असं चालायचंच, एवढी उत्तरं माझ्याकडे होती. केस विंचरायला हात वर जाईना आणि रोज सकाळी कुणाला तरी तिची वेणी घालून द्यावी लागायला लागली, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘कधीपासून दुखतंय?’ मी म्हणालो, ‘अलीकडेच.’ आई तिथे काही बोलली नाही. पंपाच्या वेळी ती बोलली, कारण ती गोष्ट पंपाची होती. स्वतःच्या दुखण्याच्या वेळी तिने मला सांभाळून घेतलं. ज्या खांद्याचं नाव मी पंपाच्या समर्थनाला वापरतो, त्या खांद्याची तक्रार मी पंपाच्या गुरगुरीसारखीच ऐकून सोडली होती.

गळती फ्लशच्या टाकीत सापडली. प्लंबरने आईकडून चिमूटभर कुंकू मागून घेतलं, टाकीच्या पाण्यात ढवळलं आणि फ्लश न करता आम्हाला थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने भांड्याच्या पांढऱ्या उतारावर लाल रेघ उतरली, केसाइतकी बारीक. टाकीच्या तळाचं रबरी वॉशर कडक होऊन वाकलं होतं. त्यातून येणाऱ्या पाण्याला ना थेंब होता ना आवाज, ते नुसतं भांड्याला चिकटून वाहत होतं. वॉशर बदलण्याआधी मी टाकीत येणारं पाणी बंद केलं, पातळीवर पेन्सिलने रेघ मारली आणि तासाभराने पाहिलं. पातळी जेवढी उतरली होती त्यावरून हिशेब केला, तर तासाला सुमारे अडीच लिटर पाणी जात होतं. म्हणजे दिवसाला साठ.

आपल्याकडे शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी ५५ लिटरचं माप ठरवलं. माझ्या एका वॉशरमधून खेड्यातल्या एका माणसाचं दिवसभराचं पाणी जात होतं, आणि वर पाच लिटर. शॉवरचा हिशेब वेगळाच. पंप चालू असताना वीस लिटरची बादली दोन मिनिटांच्या आत भरते. माझी आंघोळ किती मिनिटं चालते, ते मी घड्याळ लावून मोजलं. आकडा इथे लिहीत नाही, पण तेव्हापासून तो कमी झाला आहे.

इथे मला सावध राहायला हवं. असे आकडे मांडून हळहळायला फार सोपं जातं, आणि हळहळून झालं की काम झाल्यासारखं वाटतं. आईचं माहेर इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या टेलला. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. तेच पाणी पुण्याला पुरतं आणि तेच कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरकडे जातं. कालवा सल्लागार समितीची बैठक जवळ आली की दर वर्षी शहराला किती आणि शेतीला किती यावर खडाखडी होते. मामा फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो आवर्तनाचा. पाणी सुटलं तरी टेलपर्यंत पोचेल की नाही, याचा भरवसा नसतो. पोचलंच तर विजेच्या पाळीप्रमाणे रात्री उठून दारं धरायला जायचं. तिथे मोटर चालू राहावी म्हणून माणसं देव पाण्यात ठेवतात. मी ती थांबावी म्हणून गच्चीवर गेलो होतो.

म्हणून मी वॉशर बदललं आणि ते साठ लिटर मामाच्या उसाला गेले, असं मनाला सांगू का? ते खोटं होईल. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३२ कोटी लिटर. माझी गळती वर्षभर चालली असती तर झाली असती २१ हजार ९०० लिटर. तसली जवळपास तेरा लाख घरं वर्षभर गळली, तर कुठे एक टीएमसी होतो. माझ्या वॉशरने कालव्याची पातळी केसभरही हलत नाही. पाणी कुणाला किती, हे बैठकीत ठरतं, माझ्या बाथरूममध्ये नाही.

आणि माझ्या भांड्यातून गेलेलं पाणी इंदापूरला पोचतच नव्हतं, असंही नाही. शहराचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीला जातं, आणि उजनीचा फुगवटा इंदापूर तालुक्याला लागूनच आहे. कालव्याने स्वच्छ जाऊ शकलं असतं ते पाणी माझ्या संडासातून नदीमार्गे तिथेच जात होतं. मामाचं गाव दोन्हीकडून आमच्याच पाण्यावर अवलंबून आहे, आणि कुठल्या वाटेने काय पाठवायचं हे गावाच्या हातात नाही.

मग माझ्यापुरता प्रश्न उरतो तो एवढाच: धरणापुढे साठ लिटर म्हणजे काहीच नाहीत, तर त्यांची टोचणी कशाला? याचं उत्तर मला त्या व्हॉल्व्हनेच दिलं. धरण, कालवा, बैठक हे सगळं व्हॉल्व्हच्या पलीकडचं. तिथे मी बोलू शकतो, मत देऊ शकतो, फार तर भांडू शकतो. वॉशर अलीकडचं. तिथे दुसरं कुणी येणार नाही. पलीकडचं मोठं आहे म्हणून अलीकडचं माफ होत नाही, आणि अलीकडचं केलं म्हणून पलीकडच्या जबाबदारीतून सुटका होत नाही. सभेत मी गाड्यांवर बोललो तेव्हा याच दोन गोष्टींची अदलाबदल केली होती. पुढच्या सभेत उठून मी माझ्या वॉशरबद्दल सांगितलं. लोक हसले. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, ‘आणि शॉवर?’ प्रश्न रास्त होता.

राहिला प्लंबरचा हिशेब. त्याने पैसे सांगितले तेव्हा मनात आलं, ठोकलं, हवा भरली, वॉशर टाकलं, एवढ्याचे इतके? तो दिवसभर घाम गाळत बसला असता, पाइप उखडले असते, तर हेच पैसे मी हूं का चूं न करता दिले असते. त्याला नेमकं कुठे ठोकायचं हे कळत होतं, म्हणून माझ्या भिंती वाचल्या, आणि त्याच कारणाने मला पैसे जास्त वाटत होते. शिवाय मी पाकीट काढलं असतानाही त्याने ‘अजून झालं नाही’ म्हटलं होतं. नवा स्विच बसवून निघून गेला असता तर वर्षभरात पुन्हा बोलावणं आलंच असतं. माझ्या घरातल्या गळतीची काळजी त्या दिवशी माझ्यापेक्षा त्याला जास्त होती. त्याने सांगितले तेवढे पैसे मी दिले. घासाघीस केली नाही याचं कौतुक नको. करावीशी वाटली होती, हे नोंदवून ठेवतो.

स्वतःबद्दलचा माझा निवाडा असा: मी वाईट माणूस नाही, पण आवाज झाल्याशिवाय उठत नाही. ही खोड साधी दिसते, पण बरंच नुकसान करते, कारण ज्यांना आवाज नाही अशाच गोष्टी तिच्या तडाख्यात सापडतात: भांड्याला चिकटून उतरणारं पाणी, आणि फार बोलून न दाखवणारी म्हातारी आई. यावर मला सापडलेला उपाय फार मोठा नाही. कुणी ‘कधीपासून?’ विचारलं की खरी तारीख सांगायची. तेवढं जमलं तर पुढच्या वेळी ती तारीख फार मागे जाऊ द्यावीशी वाटत नाही.

आणि वाचणाऱ्यांना एक विनंती. आज रात्री झोपण्याआधी घरातल्या प्रत्येक फ्लशच्या टाकीत चिमूटभर कुंकू किंवा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर उद्याच वॉशर बदलून घ्या. त्याला चहा-नाश्त्याइतकाही खर्च येत नाही.